बी, फांदी की बाटली?

परभणीत उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यातल्या काही पहाटे ५ अंशांच्या खाली उतरतो. इथल्या झाडाला एकाच वर्षात जवळपास चाळीस अंशांचा फरक सोसावा लागतो. जमीन काळी, पावसात फुगून चिकट होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे उघडी पाडणारी. अशा जिल्ह्यातही दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरलेला असतो. राज्याने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले, तेव्हापासून किती खड्डे खणले आणि त्यांतली किती रोपे जगली यावर पुष्कळ वाद झाले. ती रोपे मुळात कशापासून तयार केली होती, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. बियापासून, फांदीच्या तुकड्यापासून, की प्रयोगशाळेतल्या बाटलीतून? हा प्रश्न रोपवाटिकेच्या सोयीचा समजून आपण माळ्यावर सोडून देतो. माझ्या मते तो सार्वजनिक धोरणाचा आहे, कारण एखाद्या रस्त्यावर पन्नास वर्षांनी सावली असेल की नाही हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरते.

या प्रश्नाच्या दोन बाजू दोन कल्पित माणसांच्या तोंडी देतो. एक, परभणी शहराबाहेर रोपवाटिका चालवणारे काका. फांदीवर त्यांचा भरवसा, आणि तो अनुभवातून आलेला. दुसऱ्या, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक मॅडम. त्या बियाच्या बाजूने बोलतात. दोघांचेही म्हणणे पूर्ण ताकदीने मांडल्याशिवाय निवाड्याला अर्थ नाही, म्हणून आधी त्यांनाच बोलू देऊ.

काका : मॅडम, गिऱ्हाईक नर्सरीत येतं ते फूल बघून. समोरच्या कुंडीत दुहेरी पाकळ्यांचा लाल जास्वंद आहे ना, त्याला तोच पाहिजे, तस्साच. त्या जास्वंदाला बी धरत नाही, आणि धरलं तरी त्यातून काय निघेल याचा नेम नाही. फांदी फसवत नाही. मृग लागला की पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी घ्यायची, डोळ्याच्या जरा खाली काप द्यायचा, खालची पानं उतरवायची, रूटिंग पावडर लावून वाळू-पोयट्यात खोचायची. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. बोगनवेल, अकालिफा, एक्झोरा, तगर, सगळ्यांचं तसंच. मोगऱ्याला दाब कलम, क्रोटनला गुटी, गुलाबाला जंगली खुंटावर डोळा भरायचा. फुलावर आलेल्या झाडाची फांदी घेतली की रोप लवकर फुलतं. बियाचा बहावा लावला तर कित्येक वर्षं नुसता पाला बघत बसायचं. त्यात बहाव्याचं बी एवढं टणक, की घासल्याशिवाय नाहीतर आम्लात बुडवल्याशिवाय उगवायचं नाव घेत नाही.

मॅडम : झुडपांबद्दल तुमच्याशी वाद नाही, काका. इंडोल ब्युटिरिक आम्लाने मुळं फुटतात हे १९३५ साली कळलं, आणि तुमच्या हातातली पावडर तिथूनच आली. पण फांदी नेहमीच हुबेहूब नक्कल देते असंही नाही. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावा, जे रोप येतं त्याचा काठ हिरवाच असतो. तो पिवळा काठ वेगळ्या पेशींच्या थराचा असतो आणि नवं रोप त्या थरातून फुटत नाही. तिथे मुळासकट फुटवाच वेगळा करावा लागतो. ते असो. माझा आक्षेप झाडांबद्दल आहे. नक्कल म्हणजे आईचे गुण आले, तसे तिचे दोषही आले, आणि तेही सगळ्या रोपांत सारखेच. इंग्लंडच्या बांधाबांधावर आणि रस्त्यांच्या कडेला इंग्लिश एल्म होता. त्याला रुजणारं बी जवळजवळ धरत नाही, मुळांवर फुटणाऱ्या कोंबांतून तो वाढत गेला. २००४ साली जनुकीय अभ्यासातून दिसलं की ही सगळी झाडं मुळात एकाच झाडाच्या नकला आहेत आणि तो वाण रोमन काळात द्राक्षवेलींना आधार म्हणून नेलेला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डच एल्म रोगाची जहाल बुरशी आली आणि काही दशकांत ब्रिटनमधले दोन-अडीच कोटी एल्म गेले. दुसऱ्या जातींचे एल्मही मेले, हे खरं. पण इंग्लिश एल्ममध्ये वाचणारं झाड शोधायला वावच नव्हता, कारण वेगळं झाडच नव्हतं.

काका : इंग्लंडचं इंग्लंडला राहू द्या. आपल्याकडे वडाचे जाड फाटे पावसाच्या तोंडावर रोवायची पद्धत जुनी आहे. पांगारा, काटेसावर, शेवगा यांचेही खुंट कुंपणाला लावतात आणि ते जगतात. देवळापुढचा चाफा फांदीचाच असतो. पावसाळ्यात त्याच्या पानाखाली नारिंगी तांबेरा दिसतो, पानं गळतात, पण झाड कुठं मरतं? आता तुमच्या बियाच्या झाडांकडे या. गुलमोहर बियाचाच ना? मग वळवाच्या वाऱ्यात पहिला आडवा कोण होतो? सुबाभूळ बियाचीच, ती तर मागे लागते. आणि बियाचं सोटमूळ खोल जातं म्हणता, ते पिशवीत दोन वर्षं राहिलं की तळाशी वेटोळं घालतं. तसं रोप लावलं की वाऱ्यात ते मुळापासूनच हलतं.

इथे काकांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या आहेत आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. गुलमोहराची ठिसूळ फांदी आणि उथळ मुळे हा त्या जातीचा स्वभाव आहे; तो बियाने लावल्यामुळे आलेला नाही आणि कलम केल्याने जाणारही नाही. सुबाभळीचे पसरणे हा मात्र बियावरचा खरा आक्षेप आहे. परदेशी शोभेची जात आणायचीच असेल, तर बी न धरणारा वाण फांदीने वाढवणे अधिक शहाणपणाचे. तिसरा मुद्दा, वेटोळ्या मुळांचा, रोपवाटिकेच्या शिस्तीचा आहे. बियापासून आलेल्या रोपाला सोटमूळ मिळते, पण ते टिकवायचे तर पिशवी खोल हवी आणि रोप वेळेत जमिनीत जायला हवे. जुनी, उंच, पिशवीत अडकलेली रोपे स्वीकारली तर बियाचा हा फायदा लावणीआधीच संपतो. एवढे मान्य केले तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो: एकाच जातीची शंभर झाडे लावायची असतील तर ती एकमेकांच्या नकला असाव्यात की भावंडे?

मॅडम : परभणीचं नाव देशभर ज्या रोपाने नेलं, त्याच्याकडेच बघा. पुसा सावनी भेंडीला हळद्या रोग लागायचा, पानांच्या शिरा पिवळ्या पडून पीक जायचं. इथल्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी त्या भेंडीचा संकर तिच्या दूरच्या भावकीतल्या जातीशी केला, आणि त्या जातीतून रोगाला तोंड द्यायची ताकद आणली. ती भावकी परदेशात बागेतलं पिवळं फूल म्हणूनही लावतात. १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ आली ती अशी. पुसा सावनीची हजार वेळा नक्कल केली असती, तरी ती ताकद कुठून आली असती? ती आली परागकणातून आणि बियातून.

काका : आणि पुढे ‘क्रांती’लाही काही भागांत हळद्या लागायला लागलाच की. मग वाण बदलला. भेंडी दर हंगामाला पेरायची असते, मॅडम. झाड कसं बदलणार?

काका हे बियाच्या विरोधात म्हणून बोलले, पण या चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा त्यांच्याच तोंडून निघाला आहे. जे रोप दर हंगामाला किंवा दोन-तीन वर्षांनी बदलता येते, तिथे एकसारखेपणाचा धोका परवडतो. वाण फसला तर पुढच्या वेळी दुसरा लावता येतो. जे झाड आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत उभे राहायचे आहे, त्याला पुढे कोणता रोग, कोणती कीड, कसला दुष्काळ भेटेल हे लावणाऱ्याला ठाऊक नसते. ज्या संकटाचे नावही माहीत नाही, त्याच्याविरुद्ध वाण निवडता येत नाही. वेगवेगळे गुण असलेली झाडे मिसळून लावता येतात, एवढेच. याला दुसरी बाजू राखणीची. कुंडीतल्या जास्वंदावर पिठ्या ढेकूण आला तर घरचे माणूस फवारते. दुभाजकावरच्या बोगनवेलीला टँकर मिळतो, छाटणी मिळते. गावाबाहेरच्या रस्त्याकडेच्या कडुनिंबाला पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर कोणी पाणीही घालत नाही. म्हणून माझा नियम असा: आयुष्य जितके लांब आणि राखण जितकी कमी, तितकी बियाची गरज जास्त. आयुष्य थोडे आणि राखण पुरेशी असेल, तर फांदी निःशंक वापरावी.

या नियमाची कसोटी गोदावरीच्या खालच्या अंगाला झालेली आहे. परभणीतून पुढे जाणारी गोदावरी तेलंगणात भद्राचलमजवळून वाहते. तिथल्या कागद कारखान्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून निवडक निलगिरीच्या फांद्यांपासून लाखो एकसारखी रोपे तयार झाली. बियाच्या निलगिरीपेक्षा त्यांचे उत्पन्न कितीतरी अधिक, खोड सरळ, तोडणी सोपी. काकांच्या बाजूने याहून भक्कम पुरावा शोधूनही सापडणार नाही. मग २००१ च्या सुमारास पानांवर गाठी आणणारी एक बारीक परदेशी गांधीलमाशी दक्षिण भारतात आली. काही वाण तिला सर्रास बळी पडले, काही तग धरून राहिले. धंदा वाचला, कारण हाताशी अनेक वाण होते, निलगिरी थोड्याच वर्षांत तोडली जाते, आणि नवे वाण निवडणारी यंत्रणा पगारावर बसलेली होती. कमी आयुष्य आणि पक्की राखण, दोन्ही तिथे होते. परभणी-गंगाखेड किंवा जिंतूर-सेलू रस्त्याच्या कडेच्या झाडाला यातले काहीच मिळत नाही.

काका : ठीक. पण रस्ता एकसारखा दिसावा असं लोकांना वाटतं. एक झाड वीस फूट, शेजारचं आठ फूट, एक सरळ, एक वाकडं. बियाच्या ओळीचं असं होतं. आणि शंभरातली पंचवीस मेली तर त्याचे पैसे कुणी द्यायचे? टक्केवारी मोजायला साहेब येतात तेव्हा रोप कोणत्या आईचं होतं हे विचारत नाहीत.

मॅडम : एकसारखेपणाला माझी सरसकट ना नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातले फ्रँक सँटामोर यांनी १९९० साली शहरांसाठी एक ढोबळ नियम दिला: एका जातीची झाडं दहा टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीसहून. त्याच लेखात ते असंही म्हणतात, की पारखलेल्या वाणाचे एकसारखे पट्टे असायला हरकत नाही, ते शहरभर विखुरलेले असले म्हणजे झालं. म्हणजे शहरातला एखादा रस्ता एका वाणाच्या ताम्हणीचा असू द्या. सगळे रस्ते तसे नकोत.

ही तडजोड मला मान्य आहे. शहरातल्या रस्त्याला निदान राखण तरी मिळू शकते. काकांचा पैशाचा आक्षेप मात्र अधिक जड आहे. बियाच्या ओळीत काही रोपे पहिल्या दोन उन्हाळ्यांत मरतील, हे खरेच. तीच निवड आहे, आणि ती परभणीच्या काळ्या मातीत, परभणीच्या उन्हात होते. नकलांच्या ओळीत उलट घडते: सुरुवातीला सगळी सारखी जगतात, कागदावर टक्केवारी उत्तम दिसते, आणि जायची वेळ आली की एकदमच जातात. पहिल्या प्रकारात नुकसान काही रोपांचे, दुसऱ्यात वीस-तीस वर्षांच्या झाडांचे, सावलीचे आणि त्यांवरच्या पक्ष्यांचे. म्हणून उपाय सोपा आहे: थोडी दाट लावणी करावी, विरळणी गृहीत धरावी आणि पहिल्या वर्षीच्या टक्केवारीऐवजी पाचव्या वर्षी उभ्या असलेल्या झाडांवर पैसे द्यावेत. कोनोकार्पसचे जे झाले त्यातून एवढे तरी शिकता येईल. फांदीने झटपट येणारे, हिरवेगार दिसणारे, जनावर न खाणारे म्हणून ते गावोगाव लागले. मुळांच्या आणि परागकणांच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२३ साली गुजरातने त्याच्या लागवडीला मनाई केली. सोपे लागते म्हणून लावले, याहून वेगळा विचार त्यामागे फारसा नव्हता.

राहिली बाटली. ऊतीसंवर्धनाबद्दल दोघेही सावध आहेत, आणि गंमत म्हणजे तिची बाजू आधी मॅडमच घेतात.

मॅडम : टिश्यू कल्चर म्हणजे अति बारीक कलमच आहे, पण काही ठिकाणी त्याला पर्याय नाही. शेंड्याच्या टोकावरचा अगदी इवला तुकडा घेतला तर रोगट झाडातूनही विषाणूमुक्त रोप मिळू शकतं. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी डेलियात ते करून दाखवलं. जरबेरा, ऑर्किड यांचा आजचा बाजार त्यावरच उभा आहे. आणि बांबू घ्या. मानवेल कित्येक दशकांतून एकदा फुलतो, मग बी आणायचं कुठून? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच अडचणीवर काम झालं. १९८० साली तिथल्या गटाने सागाची अशी रोपं केल्याचं प्रसिद्ध केलं. १९९० साली नाडगौडा, पराशरामी आणि मस्करेन्हास यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की बाटलीतल्या बांबूच्या कोवळ्या रोपांना फुलं आली आणि बीही धरलं. ज्याला जमिनीत दशकं लागतात ते काचेत घडलं.

काका : आणि ते बाटलीतलं रोप एप्रिलमध्ये परभणीत आणलं तर? त्याच्या पानावर मेणाचा थर नसतो, दमट हवेत वाढलेलं लाडाचं लेकरू ते. आधी पॉलिहाऊस, मग शेडनेट, असं हार्डनिंग केलं नाही तर दुपारपर्यंत माना टाकतं. खर्च सगळा तिथेच होतो.

काकांचा आक्षेप खर्चाचा आहे. त्याहून खोल धोका वेगळा आहे. कलमात चूक झाली तर दहा-वीस रोपे बिघडतात, बाटलीत झाली तर लाखो. मलेशियातल्या ऊतीसंवर्धित तेलताडांना विकृत फळे आली ती लावणीनंतर काही वर्षांनी, झाडे फळावर आल्यावर. त्यामागे जनुकाच्या अक्षरांत नव्हे, तर त्यावरच्या रासायनिक खुणांत झालेला बदल होता, हे २०१५ साली स्पष्ट झाले. मातृरोप तपासलेले नसेल तर विषाणूही तितक्याच वेगाने पसरतो. म्हणूनच २००६ पासून आपल्याकडे ऊतीसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था आहे. राज्याच्या २०१९ च्या अटल बांबू समृद्धी योजनेत ऊतीसंवर्धित बांबूची रोपे सवलतीत देण्याची तरतूद झाली. मराठवाड्यात ती लावणाऱ्याने प्रमाणपत्र मागावे आणि एकाच वाणाने सगळा बांध भरू नये. बांबूची एका वंशाची रोपे एकदम फुलतात आणि फुलल्यावर वाळतात, हे विसरून चालणार नाही.

आता माझ्याच बाजूवरचा सगळ्यात अवघड आक्षेप. बी म्हटले की विविधता आपोआप आली, असे नाही. एखाद्या कार्यालयाच्या आवारातल्या एकाच बहाव्याच्या शेंगा गोळा करून हजार रोपे केली, तर ती नकला नसतील, पण सगळी एकाच आईची असतील, आणि आईची दुबळी मुळे त्यांच्यातल्या अनेकांत उतरलेली असतील. बियाचा फायदा हवा असेल तर ते पुष्कळ झाडांवरून, शक्य तर पंचवीस-तीस मातृवृक्षांवरून आणि एकमेकांपासून दूर उभ्या असलेल्या झाडांवरून, गोळा व्हायला हवे. ते सुरकुतलेल्या, रोगट झाडांचे नको आणि लांबच्या ओल्या प्रदेशातलेही नको. जी झाडे मराठवाड्याच्या अवर्षणातून निघाली, ती इथल्या उन्हाची परीक्षा पास झालेली आहेत. परभणीत वनक्षेत्र फार थोडे, त्यामुळे हे मातृवृक्ष गावठाणात, देवस्थानांत, बांधांवर आणि जुन्या रस्त्यांच्या कडेलाच शोधावे लागतील. १९५६ पासून कृषी महाविद्यालय आणि १९७२ पासून कृषी विद्यापीठ असलेल्या जिल्ह्याला तालुकावार मातृवृक्षांची यादी करणे जड जाऊ नये.

काका : यादी करा, मी बी गोळा करतो. पण ऑर्डर कधी येते ते सांगा. एप्रिल-मेमध्ये येते आणि जूनमध्ये पाच फुटी रोप मागतात. कडुनिंबाची निंबोळी पावसाच्या तोंडावर पिकते आणि थोड्या आठवड्यांतच तिची उगवण जाते. ताजी पेरली तर पुढच्या पावसाळ्याला रोप तयार. तुम्हाला ह्या जूनला पाहिजे, मग मी फांदी लावणार नाहीतर काय करणार?

काकांच्या या उत्तराने वाद मिटत नाही, पण त्याची जागा बदलते. बी विरुद्ध फांदी हा झगडा रोपवाटिकेत लढला जात नाही. तो खरेदीच्या तारखेत आणि निविदेच्या ओळीत आधीच ठरलेला असतो. निविदेत फक्त उंची आणि पिशवीचा आकार मोजला, तर कमी दिवसांत उंच होणारी नक्कलच जिंकेल, मग माळ्याचा स्वभाव काहीही असो. म्हणून मागणी एवढीच: रस्ते, शाळा, गायरान आणि नदीकाठ यांच्या झाडांची नोंदणी एक वर्ष आधी व्हावी, आणि प्रत्येक मागणीपत्रात तीन गोष्टी विचारल्या जाव्यात: रोप कशापासून केले, किती मातृवृक्षांपासून केले, आणि केव्हा पेरले. उद्यानातल्या फुलझाडांना हे बंधन नको. तिथे काकांची काडीच योग्य. बांबू, जरबेरा यांना बाटली, प्रमाणपत्रासह. उरलेल्या झाडांसाठी भाव उंचीवर न ठरता या तीन उत्तरांवर ठरला, तर दुसऱ्याच वर्षी काका स्वतःहून निंबोळ्या गोळा करायला माणसे लावतील. मॅडमना त्यांना पटवून द्यायची गरज राहणार नाही.